घडीखालचा निळा

नेटवर जे आहे ते चूक आहे.
इंदुमती निकुंभ, 'निळ्या काठाची रात्र',
आणि काठ चक्क शेवाळी.
कुणीतरी उन्हात बसलेल्या प्रतीचा
मोबाइलने फोटो काढलाय,
वर ट्यूबलाइटची तिरपी रेघ,
खाली अंगठ्याचं नख.
मग एकाचं पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं,
नख कापलं, रेघ पुसली,
शेवाळ तेवढं ठेवलं.

मी यादी करतो. पगार नाही, सक्तीही नाही.
रेकॉर्डचा क्रमांक, साल, साथीला कोण,
आणि शेजारी एक चौकोन, मुखपृष्ठासाठी.
तो रिकामा राहिला तर मला झोप लागते,
चुकीचा भरला तर नाही.

बुधवारच्या बाजारात, गंगेवर,
कुलपं, नळाच्या तोट्या
आणि पाती नसलेल्या टेबलफॅनच्या मधे
ती सापडली.
"साठ."
"आत रेकॉर्ड आहे ना?"
"वजन लागतंय की हाताला."
होती आत. भूपाळ्यांची, भलत्याच कुणाची.
चाळीसला घेतली.

कव्हर बारा इंची, स्कॅनर ए-फोर.
चार तुकड्यांत घेतलं, जोडलं,
शिवण नेमकी चमकीवरून गेली:
एका नाकात दोन चमक्या.
काच पुसून पुन्हा.
चौथ्या खेपेला जुळलं तेव्हा दिसलं,
डाव्या कडेला एक कोपर आहे,
पांढऱ्या सदऱ्यातलं, पेटीच्या भात्यामागे.
पुढच्या आवृत्तीत तेवढी कड छाटलीय,
म्हणून नेटवर कोपर नाही.
मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत:
संवादिनी – द. गो. आंबेकर.

पण काठ.
काठ माझ्याही प्रतीत शेवाळीच.
सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी असते, सरकवली की हवा तो निळा,
मोराचा, शाईचा, रॉकेलच्या जुन्या डब्याचा.
कुठे थांबायचं ते पट्टी सांगत नाही.

जेल रोडला पगारेकाकांकडे गेलो.
छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये, शाईखात्यात.
त्यांनी आधी ट्यूब बंद केली.
कव्हर खिडकीशी नेलं, भिंग लावलं,
आणि बराच वेळ फक्त नाकाने श्वास घेतला.
"गुलाबी आधी उडतो," म्हणाले.
"कागद पिवळा पडत जातो.
मागे राहिलेल्या आकाशीत तो पिवळा शिरला
की झालं हे असं.
किती उडाला ते तुझ्या कॉम्प्युटरला काय ठाऊक?
तो काय तेव्हा होता का?"

आत चहाचं आधण ठेवलेलंच होतं.
काकू नको नको म्हणत असताना
त्यांनी त्या वाफेवर कव्हरची खालची कड धरली.
मागचा कागद हळूच सुटला.
त्याखाली पुढच्या कागदाची दुमड,
आणि दुमडीवर
बोटभर निळा.

कुणीतरी खळ लावून, तळव्याने दाबून
ज्या दुपारी तो बंद केला
तेव्हापासून त्याने ऊन पाहिलं नव्हतं.
दौत बरेच दिवस उघडली नाही
की तळाशी जो साका बसतो, तसा.

काका म्हणाले, "हा."
मग थोड्या वेळाने, "इतकाच. याच्या पुढे जाऊ नकोस."
मी घाईघाईने फोनशेजारी धरला, मोजला, आकडे लिहून घेतले.
त्यांनी भाताची चार शितं चुरून
कागद होता तसा लावून टाकला.
वर ज्ञानकोशाचे दोन खंड ठेवले.
चहात खळीचा वास येतोय, अशी काकूंची तक्रार.

रात्री चित्र चढवलं. कोपरासकट.
खाली विचारतात: स्रोत?
लिहिलं, स्वतःची प्रत, बुधवार बाजार, नाशिक.
रंग मागच्या कागदाखालच्या दुमडीवरून.
तपासनीस ह. पगारे.
गाणी ऐकलीत का, हे तिथे विचारत नाहीत.
बरं झालं.

कुठल्यातरी देशात सकाळ असलेल्या कुणीतरी
चित्र मंजूर केलं, शेरा न देता.
काहीतरी वाजवायला हवं होतं,
म्हणून कव्हरमधल्या भूपाळ्याच लावल्या.
शेजारच्या गांगुर्ड्यांनी दार ठोठावलं,
बनियनवर, डोळे चोळत:
"अहो, साडेअकरा झालेत. कुणाला उठवताय?"